तळ

नोव्हेंबरात इथे तीन वाजताच दिवस आटोपतो.
गॅरेजात ट्यूबलाइट, रॉकेलचा हीटर,
आणि चार स्टँडवर उचलून धरलेली
अठ्ठ्याहत्तर सालची साब टर्बो.
काळी. म्हणजे कागदावर काळी.

विकली तेव्हा मी बावीसचा होतो,
परत घेतली तेव्हा पेन्शनीत.
नंबर तोच. होल्गेरच्या मुलीनं, उल्ला-ब्रिटनं,
पावती फाडताना सांगितलं,
बाबा म्हणायचे, या गाडीनं कधी दगा दिला नाही.

इंजिनाचं आधी उरकलं. ते सोपं.
हिच्यात इंजिन उलटं बसवलंय, क्लच पुढे,
बॉनेट उघडून उभ्या उभ्या बदलता येतो,
पाठीवर तेवढीच मेहेरबानी.
टर्बोच्या पंख्याला बोट लावलं
तर फिरला, थांबला, पुन्हा जरासा फिरला,
म्हातारा झोपेत कूस बदलतो तसा.

मग खाली शिरलो.
ड्रायव्हरच्या पायाखाली डांबराचा जाड थर,
डांबराखाली लांबी, लांबीखाली पत्रा,
पत्र्याखाली
सिमेंटची जमीन दिसत होती.

सोल्वेइग कॉफी घेऊन आली, तिला दाखवलं.
हे बघ, वेल्डिंग म्हणतात याला?
कबुतरं बसून गेल्यासारखं.
होल्गेरचंच काम. पोस्टातला माणूस,
शिक्के मारायचे सोडून
कुणी सांगितलं होतं हे धंदे करायला?
ती म्हणाली, असेल घाईत.
तीन आठवडे मी त्याला शिव्या घातल्या,
ग्राइंडरच्या आवाजाआड, मनसोक्त.
मेलेल्या माणसाला
तेवढं चालतं, असं धरून.

डिसेंबरात तो तुकडा सुटला.
वायरब्रशखाली आधी निळं काही,
मग निळ्यावर गुलाब. अर्धा.

आईच्या कॉफीच्या डब्याचं झाकण.

एक अख्खा उन्हाळा ती ते शोधत होती,
कपाटामागे, अंगणात, शेजारणीला विचारून.
शेवटी डब्यावर बशी पालथी घातली
आणि पुढची बारा वर्षं काढली.
मला विचारलं होतं तिनं.
मी काय म्हणालो ते आठवत नाही.

होल्गेरला काय म्हणालो ते आठवतं.
नोटा रबरबँडात गुंडाळून आणल्या होत्या त्यानं,
नवा कोट घातलेला, म्हणून खाली वाकला नाही.
नुसतं विचारलं, तळ ठीक आहे ना?
मी म्हणालो, पक्का.

हिवाळ्यात इथे तळ्यावरून रस्ता काढतात,
दोन्ही बाजूंनी फांद्या रोवून.
त्या रस्त्यानं तो चार पोरांना
शाळेत सोडायचा, रोज.
खाली बर्फ, बर्फाखाली काळं पाणी,
आणि मध्ये
कॉफीच्या डब्याचं झाकण.

नवा पत्रा कापला. टाके दूर दूर घातले,
एक इथे, एक तिथे, मध्ये थंड होऊ देत,
नाहीतर पत्रा तापून वाकतो.
बावीसाव्या वर्षी हेही माहीत नव्हतं
असं नाही. माहीत होतं.
वर डांबर फासलं नाही. प्रायमरचा एकच हात,
वाकून बघणाऱ्याला प्रत्येक टाका दिसेल असा.
झाकण धुऊन खिडकीत ठेवलंय.
उल्ला-ब्रिटचा नंबर त्याच्याखाली.

मार्चमध्ये बाहेर काढली.
तीन हजारांच्या पुढे टर्बोनं श्वास घेतला
आणि पाठ सीटला चिकटली.
सोल्वेइग किंचाळली, मग हसली,
मग म्हणाली, आता पुरे.

परत आलो. दार लावलं, इंजिन बंद केलं.
या गाडीची किल्ली दोन सीटच्या मधोमध असते,
आणि गिअर रिव्हर्समध्ये टाकल्याशिवाय
ती निघत नाही.
विसरलो होतो.
अंधारात ओढत बसलो, उजवीकडे, डावीकडे,
किल्ली काही सुटेना.

सोल्वेइगनं काचेवर टकटक केलं.
काय रे एव्हर्ट, उतरायचं नाही का?